अंगरखा उतरवलेले चर्च

जुन्या गोव्यात बसमधून उतरले की एक गोष्ट ताबडतोब डोळ्यांत भरते. आजूबाजूची सगळी चर्चे पांढरीशुभ्र आणि त्यांत एकच तेवढे तांबडे. गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही तेथे उभे होतो, तेव्हा आमच्या पुढेच आपल्याकडचे एक कुटुंब होते. त्यांच्या सात-आठ वर्षांच्या मुलाने मान वर करून विचारले, "बाबा, ह्या चर्चला रंग द्यायचा राहून गेला का?"

"अरे, चारशे वर्षांचं आहे ते," वडील म्हणाले. "जुनं असंच दिसायचं!"

मुलगा गप्प बसला. पण खरे सांगायचे, तर वडिलांपेक्षा तोच सत्याच्या अधिक जवळ होता.

हे चर्च म्हणजे बॉम जेझू, बाळ येशूचे मंदिर. १५९४ साली जेझुइटांनी त्याचे काम सुरू केले आणि १६०५ साली आर्चबिशप मेनेझिस यांच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली. संत फ्रान्सिस झेवियरचे शव येथेच आहे. परवा २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत ते दर्शनासाठी उघडले होते, तेव्हा अक्षरशः लाखो लोक येथे लोटले. त्यांतल्या बहुतेकांनी ही तांबडी भिंत मनात आणि फोटोत साठवून नेली असेल, आणि ती अशीच पहिल्यापासून आहे असे समजून नेली असेल. वस्तुस्थिती अशी, की हे चर्च शेजाऱ्यांसारखेच गिलावा केलेले होते. तो खरवडून काढला १९५० नंतरच्या दशकात! म्हणजे हा 'प्राचीन' तांबडेपणा आपल्या आजोबांहूनही लहान आहे.

काढणारा कोणी दुष्ट मनुष्य नव्हता. बाल्ताझार कास्त्रो नावाचे पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ त्या वेळी जुन्या इमारतींच्या डागडुजीसाठी गोव्यात आले होते. गिलावा काढून आतला 'खरा' दगड दाखवावा, इमारत जुनी आहे ती जुनी दिसावी, अशी त्या काळी पोर्तुगालमध्ये हौस होती. तिकडे उत्तरेला कणखर ग्रॅनाइट. त्याला उघडे राहणे सोसते. इकडे निघाला जांभा.

जांभा काय चीज आहे हे कोकणच्या माणसाला सांगायला नको. बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने मलबारात तो पाहिला आणि १८०७ साली विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो, की हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात. वारा लागला की टणक होतो. पण हा टणकपणा लोहाच्या जाळीचा. त्या जाळीच्या भोकांतून मऊ माती भरलेली असते. पावसाच्या माऱ्याने ती माती सुटते, भोके मोठी होतात, पाणी आणखी आत शिरते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे चुन्याचा गिलावा हा ह्या भिंतीचा दागिना नसून पावसाळी अंगरखा होता हे कळते. कोकणात गडग्याचे चिरे उघडेच असतात, असे कोणी म्हणेल. असतात. पण गडगा ढासळला, तर रविवारी चार माणसे लावून पुन्हा रचता येतो.

आता कोरीव कामाची गोष्ट. जांभ्यात बारीक नक्षी उठत नाही. म्हणून दर्शनी भागासाठी काळा दगड थेट आपल्या वसईहून समुद्रमार्गे आणला. खांब आणि माथ्यावरची ती 'आय-एच-एस' ही येशूच्या नावाची अक्षरे पाहावीत. काळ्या दगडाची धार अजून टिकून आहे. पण हे कोरीव तुकडे टेकलेले आहेत जांभ्यावर. दागिने शाबूत आणि ज्या अंगावर घातले तेच झिजणारे, असा हा प्रकार आहे.

जवळच सेंट पॉल कॉलेजचा एक दरवाजा एकटाच उभा आहे. कॉलेज १८३२ मध्ये पाडले गेले. उरली ती कमान आणि काळ्या दगडाचे खांब. मराठीच्या मास्तराला येथे फादर स्टीफन्सची आठवण होणे साहजिकच आहे. १५७९ साली हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' राचोलला छापले गेले. म्हणजे बॉम जेझूचे चिरे चढत होते तेव्हा तो याच मुलखात वावरत होता. त्याने जे चर्च पाहिले, ते आपण पाहत नाही.

दुर्लक्षाने काय होते याचा धडाही हाकेच्या अंतरावर आहे. सेंट ऑगस्टिनचे चर्च १८३५ मध्ये ओस पडले. सातच वर्षांत, १८४२ साली, त्याचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. उरलेला मनोरा ४६ मीटर उंच आहे. वसईच्या किल्ल्यातली चर्चेही अशीच बिनछपराची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आणि मग घरात माणूस नाही म्हटल्यावर जे होते तेच झाले.

पण बॉम जेझू ओस पडलेले नाही. तेथे रोज प्रार्थना होते. म्हणूनच तिथला वाद जिवंत आहे. गेल्या काही वर्षांत चर्चच्या धर्मगुरूंनी आणि काही जाणत्या वास्तुतज्ज्ञांनी गिलावा पुन्हा चढवा असा आग्रह धरला आहे. उलट बाजूही अगदीच पोकळ नाही. १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत हे चर्च गेले ते तांबडेच. दोन-तीन पिढ्यांच्या भाविकांच्या डोळ्यांत तेच रूप बसले आहे. घरातल्या देव्हाऱ्याजवळच्या तसबिरीतही तेच. उद्या ते पांढरे झाले, तर आपले चर्च कोणी बदलून नेले असे वाटेल त्यांना!

माझे मत विचाराल, तर चढवावा. मात्र ते बोलण्याइतके सोपे नाही. सिमेंट फासून तर मुळीच चालणार नाही. सिमेंट जांभ्याहून कठीण. ते ओल आतल्या आत कोंडते आणि मग चिराच पोखरला जातो. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवतो. पण मग दर काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागणार, आणि चुना नीट विरवून मुरवणारे गवंडी आधी शोधावे लागणार. सत्तर पावसाळे खाल्लेल्या भिंतीवर तो धरेल कसा, हेही आधी कोपऱ्यातल्या एखाद्या हातभर जागेवर पाहावे लागेल. असल्या कामाला फीत कापण्याचा समारंभ नसतो, त्यामुळे ते लांबते.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात तो मुलगा भिंतीपाशी गेला आणि चिऱ्यातल्या एका भोकात त्याने बोट घातले. बाहेर काढले तेव्हा बोटाला तांबडी भुकटी लागली होती. ती त्याने वडिलांना दाखवली. आईने मात्र आधी रुमाल काढला, बोट खसाखसा पुसले आणि "चल, बस सुटेल" म्हणून त्याला ओढत नेले.