ज्युनिपर : कड्यावरचा आणि माळावरचा

वृक्षतोड हा अपराध आहे, असे आपल्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या पूर्व भागात वनस्पतिशास्त्रज्ञ, पशुपालक आणि पक्ष्यांचे अभ्यासक एकत्र येऊन एका देशी वृक्षावर करवत चालवीत आहेत, हे वाचून कोणासही नवल वाटेल. हा वृक्ष म्हणजे पश्चिमी ज्युनिपर. आयुर्वेदातील हपुषा आणि लडाखच्या मठांतून धुपासाठी जाळली जाणारी शुक्पा ही त्याचीच भावंडे होत.

सह्याद्री ओलांडून पूर्वेस उतरावे आणि पाऊस आटत जावा, तसेच कॅस्केड पर्वताच्या पूर्वेस घडते. पर्जन्यमान वर्षाकाठी बहुधा दहा-बारा इंच; त्यातलाही बराच भाग हिवाळ्यात बर्फाच्या रूपाने पडतो. या माळांवर झुपक्यांनी वाढणारे बहुवर्षायू गवत आणि सेजब्रश नावाचे करड्या पानांचे झुडूप यांचे राज्य होते. सेजब्रश आपल्या दवण्याच्याच कुळातले, तसेच सुगंधी. ज्युनिपरही तेथलाच, पण त्याची वस्ती मुख्यतः खडकाळ कड्यांवर. तेथे गवत विरळ, म्हणून वणवा पोहोचत नसे. अशा कड्यांवर हजार वर्षांहून अधिक वयाचे वृक्ष आजही उभे आहेत. सपाट माळावर मात्र अधूनमधून वणवा येई आणि पातळ सालीची कोवळी रोपे जाळून जाई.

१८७० च्या सुमारास गुरामेंढरांचे प्रचंड कळप या प्रदेशात आले. त्यांनी गवत फस्त केले. गवत गेले तसे वणव्याचे इंधनच गेले. पुढे सरकारी यंत्रणेने उरलेसुरले वणवेही विझविण्यास प्रारंभ केला. त्याच सुमारास काही दशके हवामान सौम्य व ओलसर राहिले आणि रोपांना बळ मिळाले. परिणामी ज्युनिपरचे क्षेत्र सुमारे दसपटीने वाढून ९० लाख एकरांच्या घरात गेले.

झाडे वाढली, मग बिघडले काय? ज्युनिपर सदाहरित आहे. पाऊस व बर्फ यांचा काही भाग तो पानांवरच अडवितो आणि तो तेथूनच वाफ होऊन जातो. मुळे दूरवर पसरून गवताच्या वाट्याची ओल शोषतात. प्रथम सेजब्रश वाळते, मग गवत विरळ होते. अखेरीस दोन झाडांमधली जमीन उघडी पडून पावसाने धुपू लागते. वरून पाहणाऱ्यास हिरवे वन दिसावे आणि खाली माती वाहून जावी, असा हा विलक्षण प्रकार आहे.

सेज ग्राउस नावाच्या पक्ष्याचे तर यात सर्वस्वच जाते. वसंतात याचे नर उघड्या मैदानावर जमून छाती फुगवून नाचतात. आपल्या माळढोकाप्रमाणेच यालाही मोकळा माळ लागतो, कारण झाड म्हणजे ससाण्या-गरुडांची बैठक. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ओरेगनमधील एका अभ्यासात, परिसराच्या अवघ्या चार टक्के भागावर अशा वृक्षांचे आच्छादन झाले, की नाचाची मैदाने ओस पडतात, असे आढळले.

पाण्याविषयी मात्र सरसकट विधान करता येत नाही. मध्य ओरेगनमधील कॅम्प क्रीक येथे १९९३ पासून शेजारशेजारच्या दोन पाणलोटांची मोजणी सुरू झाली आणि २००५ मध्ये त्यांपैकी एकातील ज्युनिपर तोडण्यात आले. तेथील झऱ्याचा उन्हाळाअखेरचा प्रवाह वाढला व भूजल अधिक दिवस टिकले. परंतु ॲरिझोनातील जुन्या प्रयोगांत ओढ्यांचे पाणी फारसे वाढले नव्हते. पाण्याचे आमिष दाखवून करवत चालविणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा, असे आम्हांस वाटते.

१९५०-६० च्या दशकांत नेव्हाडा-यूटाकडे दोन बुलडोझरांमध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधून वनेच्या वने उपटली गेली. त्यात म्हातारे-कोवळे असा विवेक नव्हता. आता तो केला जातो. टोकदार शेंड्याचे झाड कोवळे; ते तोडावयाचे. ज्याचा माथा गोलसर, साल खोल भेगांची आणि फांद्यांवर पिवळट-हिरवे दगडफूल, ते जुने. त्याला हात लावावयाचा नाही. गवत शाबूत असतानाच तोड केली तर माळ सावरतो. उशीर झाला तर मोकळ्या जमिनीत चीटग्रास हे परदेशी वर्षायू गवत घुसते. ते लवकर वाळते, वारंवार पेटते, आणि जळालेले सेजब्रश बुंध्यापासून पुन्हा फुटत नसल्याने अवघा माळ त्याच्याच ताब्यात जातो.

नेव्हाडा-यूटामध्ये ज्युनिपर पिन्यन नावाच्या पाइनसोबत वाढतो, आणि तेथे पेच अधिक बिकट आहे. पिन्यन जे हा निळा पक्षी याच वनांत घरटी बांधतो. त्याची संख्या गेल्या अर्धशतकात फार घटली असून, एका पक्ष्यासाठी केलेली तोड दुसऱ्याच्या मुळावर येईल काय, यावर संशोधकांत वाद चालू आहे.

तोडलेल्या लाकडाला कुंपणाच्या खांबांपलीकडे फारशी बाजारपेठ नाही, म्हणून खर्च अंगावर येतो. शिवाय काम एकदा करून संपत नाही. ज्युनिपरची निळसर फळे रॉबिन पक्षी आवडीने खातात आणि विष्ठेवाटे बिया माळभर पसरवितात. सेजब्रशच्या सावलीत नवी रोपे उगवतात, आणि काही दशकांनी करवत घेऊन त्याच माळावर पुन्हा जावे लागते.