मोटारींतील बॅटरीचें घर आणि त्याचा निचरा

पावसाळा तोंडावर आला कीं मोटारवाले टायर पाहतात, वायपरचें रबर बदलतात आणि निश्चिंत होतात. बॅटरीच्या खोबणीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. ती झांकणाखालीं असते, आणि दृष्टीआड असलेलें सर्व कांहीं ठीकच असणार, असें मानण्याची मनुष्याला खोड आहे.

पुष्कळ मोटारींत बॅटरी एंजिनाच्या शेजारीं असते. तेथें पडलेलें पाणी सहज खालीं वाहून जातें. परंतु १९९६ सालीं निघालेली फोक्सवॅगन पसाट आणि तिच्याच सांगाड्यावर बेतलेली, भारतांतहि विकली गेलेली पहिली स्कोडा सुपर्ब, ह्या गाड्यांत बॅटरी समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं एका आडव्या पन्हळींत बसविलेली आहे. कांचेवरून ओघळणारें पाणी ह्याच पन्हळींत उतरतें व तळाच्या भोंकांतून जमिनीवर पडतें. त्यांपैकीं एक भोंक नेमकें बॅटरीखालींच असतें; म्हणजे बॅटरी उचलल्याविना तें दिसावयाचें नाहीं.

गाडी चिंचेखालीं किंवा गुलमोहराखालीं उभी राहिली कीं बारीक पानें जाळींतून आंत जातात, धुळींत कुजतात आणि तो चिखल भोंकाच्या रबरी टोपणांत घट्ट बसतो. मग पन्हळीचें टाकें होतें. पाणी चढत जाऊन हवेच्या वाटेनें गाडींत शिरतें आणि गालिच्याखालीं मुरतें. पसाटमध्यें कुलुपें व कांचा चालविणारी विजेची पेटी तेथेंच आहे. ती भिजली म्हणजे कांचा आपोआप खालीं येतात, दारें लागत नाहींत, रातोरात बॅटरी उतरते. मालक बिचारा नवी बॅटरी आणतो आणि पुढच्या सरीला पुन्हां तीच कथा! याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. ब्रेकला साहाय्य करणारा पोकळ डबा ह्याच पन्हळीला लागून असतो. त्यांत पाणी ओढलें गेल्यास आयत्या वेळीं ब्रेक नीट लागेल, याचा भरंवसा राहत नाहीं.

सफाईच्या वेळीं प्रथम ऋण टोंकाची तार सोडावी, मग धन टोंकाची; बसवितांना क्रम उलटा. धन टोंकावर असलेला पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु ज्वालाग्राही असतो. बॅटरी उभीच उचलावी. चिखल हातानें काढावा. काडीनें खालीं ढकलल्यास तो अधिकच घट्ट बसतो. बैठकीवर पांढरी भुकटी दिसली तर ती गंधकाम्लाची करणी समजावी. खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून, बुडबुडे थांबेपर्यंत तेथें लावावा व धुवून टाकावा. बॅटरीच्या आंत मात्र सोड्याचा थेंबहि जाऊं देऊं नये. पत्रा उघडा पडला असल्यास कोरडा करून रंग द्यावा.

शेवटीं तांब्याभर पाणी पन्हळींत सावकाश ओतून गाडीखालीं पाहावें. तें लागलीच जमिनीवर पडलें पाहिजे. हें काम वैशाखांत एकदां, आणि गाडी झाडाखालीं राहत असेल तर पावसाळ्यांत दर महिन्याला करावें. गालिचा वरून कोरडा लागला तरी विश्वास ठेवूं नये. त्याच्या खालचा जाड थर दाबून पाहावा, कारण पाणी तेथें कित्येक आठवडे टिकून राहतें.