मुरण्याची किंमत

स्पेनमधल्या लोग्रोन्यो शहरातल्या काये लाउरेल या अरुंद गल्लीत लोक बसून खात नाहीत. एका बारमध्ये उभ्या उभ्या एक पेला आणि एक घास घ्यायचा आणि पुढच्या दारात शिरायचं. तिथे पावाच्या तुकड्यावर रचलेल्या, लसूण-तेलात परतलेल्या अळंब्यांबरोबर मी पहिल्यांदा क्रिआन्झा प्यायलो. वाइन स्वस्तातली होती, पण ती चांगली मुरलेली होती. स्वस्त आणि मुरलेली हे एकत्र कसं जमलं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

म्हणून तिथल्या रिओहा प्रदेशाची कोणतीही बाटली हाती आली की मी आधी तिची पाठ पाहतो. मागच्या लेबलावर नियामक मंडळाचा छोटासा शिक्का असतो. लाल शिक्का म्हणजे क्रिआन्झा : किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान एक वर्ष 225 लिटरच्या ओकच्या पिंपात. रेसेर्वाला तीन वर्षं, ग्रान रेसेर्वाला पाच. माझ्या लेखी तो शिक्का एक दस्तऐवजच आहे. त्यात एका जुन्या भांडणाचा निकाल लिहिलेला आहे.

भांडण मानुएल किंतानोचं. मूळचा लाबास्तिदाचा, सिएर्रा कांताब्रिया डोंगराच्या दक्षिण उतारावरचं हे द्राक्षबागांचं गाव. किंतानो बुर्गोसच्या कॅथेड्रलमध्ये धर्माधिकारी होता आणि त्याच्या घरच्या द्राक्षबागाही होत्या. अठराव्या शतकात रिओहाची वाइन देठांसकट तुडवलेल्या द्राक्षांची असे. आतून राळ लावलेल्या कातडी पखालींत भरून ती खेचरांवरून डोंगरापलीकडे जाई. राळेचा वास तिला लागे आणि उन्हाळा आला की ती आंबट होई. नव्या हंगामाला जागा हवी म्हणून उरलेली जुनी वाइन ओतून देण्याची वेळ येई. वर्षभराची मेहनत मातीत जाताना पाहणाऱ्या गावात किंतानो वाढला होता.

1780च्या दशकात तो फ्रान्समधल्या बोर्दोला गेला आणि तिथली रीत डोळ्यांखालून घालून आला. देठ काढून टाकायचे, वाइन ओकच्या पिंपात ठेवायची, खाली बसलेला गाळ मागे ठेवून ती दुसऱ्या पिंपात काढायची, अंड्याच्या पांढऱ्याने निवळायची, पिंपांना गंधकाची धुरी द्यायची. लाबास्तिदात त्याने हे सगळं करून पाहिलं. 1790च्या दशकात त्याची पिंपं अटलांटिक ओलांडून क्यूबाला गेली आणि वाइन न बिघडता पोचली. शेजारच्या प्रांतात जाईपर्यंत नासणाऱ्या वाइनने महासागर पार केला होता!

आणि इथेच माशी शिंकली. वाइनचा भाव गावच्या कारभाऱ्यांनी ठरवून दिलेला असे, आणि तो सगळ्यांना एकच. किंतानोचं म्हणणं साधं होतं : ओकच्या पिंपांना पैसे पडतात, पिंपातली वाइन थोडी थोडी उडून जाते, भांडवल अडकून पडतं, तेव्हा माझ्या वाइनला जास्त भाव मिळू द्या. गावाने नकार दिला. सब घोडे बारा टक्के. प्रकरण थेट कास्तीलच्या राजमंडळापर्यंत गेलं आणि निकाल किंतानोच्या विरोधात लागला. मुरवण्याचा खर्च त्याने एकट्याने सोसायचा आणि भाव मात्र सगळ्यांचाच घ्यायचा, हे परवडणारं नव्हतं. त्याने नाद सोडला.

शेजाऱ्यांना खलनायक ठरवायला मी तयार नाही. छोट्या बागायतदाराला हंगाम संपताच पैसा हवा असतो. मुरलेल्या वाइनला वेगळा भाव मिळाला असता, तर त्यांची वाइन आपोआप हलकी ठरली असती. त्यांची भीती खरी होती. पण त्या नियमामुळे साऱ्या रिओहाची निम्म्याहून अधिक शतकाची प्रगती खोळंबली, हेही तितकंच खरं.

पुढचं थोडक्यात सांगतो. 1862मध्ये आलावा या लाबास्तिदाच्याच प्रांताच्या सरकारने बोर्दोजवळच्या मेदोकहून झाँ पिनो हा वाइनचा जाणकार आणला. मार्केस दे रिस्काल या वाइन-उत्पादकाने त्याचं काम पुढे चालवलं. मग फिलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा पोखरल्या, बोर्दोचे व्यापारी रिओहातल्या आरो गावात उतरले आणि रेल्वे स्टेशनाभोवती वाइनची कोठारं उभी राहिली. 1926 साली नियामक मंडळ आलं.

आता क्रिआन्झाची बाटली उघडू या. आपल्याकडच्या हवेत आधी वीसेक मिनिटं ती फ्रिजमध्ये ठेवावी. उकाड्यात अल्कोहोलच तेवढं नाकात जातं. पेला एक तृतीयांश भरून पांढऱ्या कागदावर तिरका धरावा. मधोमध माणकासारखा लाल, कडेला किंचित विटकरी. ही कड म्हणजे गेलेला काळ. आधी चेरी आणि आलुबुखार येतात. ते तेंप्रानियो द्राक्षाचे. पेला फिरवला की मागून व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा वास येतो. तो अमेरिकन ओकचा, रिओहाची जुनी खूण. घोट घेतल्यावर हिरड्यांवर जांभळासारखा तुरटपणा रेंगाळतो. त्यावर चोरिसो सॉसेज घालून शिजवलेले बटाटे किंवा द्राक्षवेलींच्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या चापा हव्यात. चरबीपुढे तो तुरटपणा नमतो आणि फळ पुन्हा वर येतं.

महागड्या ग्रान रेसेर्वापेक्षा मला ही बाटली जवळची वाटते. ग्रान रेसेर्वात काळ फळावर स्वार होतो. क्रिआन्झात दोघं एकमेकांना धरून असतात. आजचा नियम भाव ठरवत नाही, वेळ ठरवतो. किंतानोची मागणी याहून फारशी वेगळी नव्हती. 1818 साली तो गेला, तेव्हा लाबास्तिदात पुन्हा जुन्याच रीतीची वाइन विकली जात होती. आज त्याच गावच्या बाटल्यांवर तो लाल शिक्का असतो, आणि दोन वर्षं थांबलेल्या वाइनला वेगळा भाव मागायला कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही.