दहावीचे गुण आणि घरातील खातेवही

मार्च महिन्यात व्यापारी घरांत दोन धांदली एकदमच येतात. दुकानाची वर्षअखेर आणि मुलांची दहावी. ताळेबंदात फरक निघाला तर आपण रात्र जागवून तो शोधतो. मुलाचे पोट मात्र रोज सकाळी दुखू लागले, जेवण सुटले, झोप उडाली, तर ‘अभ्यास टाळण्याचे निमित्त’ म्हणून विषय मिटवतो. पंधराव्या वर्षी चिंता क्वचितच शब्दांत सांगितली जाते.

एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांपैकी ८१ टक्के मुलांनी चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा व निकाल यांकडे बोट दाखवले.

आपल्या वर्ध्याला हा प्रश्न नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली आणि तीतून नयी तालीम उदयास आली. त्या वेळी नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने प्रचलित परीक्षापद्धती शिक्षणाला शाप ठरल्याचे स्पष्ट नोंदवले होते. ज्या गावातून हा विचार देशभर गेला, त्याच गावात आज मुलाची ओळख त्याच्या टक्केवारीने करून दिली जाते.

राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच बंद केले. आपल्या गुणगौरव समारंभांत ती अजून चालूच आहे. नव्वदच्या वरची मुले व्यासपीठावर, आणि बासष्ट टक्के मिळवलेला मुलगा त्यांच्यासाठी खुर्च्या मांडत असतो. कौतुक जरूर व्हावे. परंतु दहावी पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलामुलीला, टक्केवारी न वाचता, नावानिशी बोलावण्यास मंडळाला कितीसा खर्च येणार आहे? यंदापासून हा पायंडा पडावा, अशी माझी पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. मासिकातील छायाचित्रांखालचे आकडेही वगळता येतील.

अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी राज्य मंडळ त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेते. त्यामुळे वर्ष वाचू शकते, हे मुलाला निकालाआधीच सांगून ठेवावे. निकालाच्या दिवशी ते ऐकण्याच्या मनःस्थितीत तो नसतो. त्या दिवशी दुकान नोकरांवर सोपवून वडिलांनी घरी थांबावे आणि नातेवाइकांचे ‘किती पडले?’ असे फोन स्वतः घ्यावेत.

लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा मूल जगण्याविषयीच निराशेने बोलू लागले, तर ‘लोक काय म्हणतील’ या विचारात क्षणभरही दवडू नये. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक मुलाच्या टेबलासमोर, वेळापत्रकाशेजारीच चिकटवून ठेवावा.