लेकराच्या आजाराचा दोष एकट्या आईवर कशाला?

पेशीतले मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण अन्नातून ताकद बनवतात. ते बिघडले की मेंदू, स्नायूंना पहिला फटका. लेकरू मान धरत नाही, झटके येतात, शिकलेलं बसणं-चालणंही विसरतं. या कणांचे स्वतःचे ३७ जनुक आईकडूनच येतात. एवढं ऐकलं की लोक सुनेकडे बोट दाखवतात. पण लहान मुलांत बहुतेक वेळा बिघाड पेशीच्या केंद्रातल्या जनुकांत असतो, आणि तो बऱ्याचदा आई-बाप दोघांकडून आलेला. दोघं धडधाकट, तरी दर बाळंतपणाला चारात एक धोका. मामाच्या पोरीशी लग्न असेल तर असा दोष जुळायची शक्यता जास्त. पीओएलजी जनुकात दोष असल्यास झटक्यांवरचं व्हॅल्प्रोएट लिव्हर निकामी करू शकतं. डॉक्टरांना विचारा, चालू गोळी मात्र मनाने बंद करू नका.