पिढीजात संशय

सह्याद्रीच्या पायथ्याशी, रायगड जिल्ह्यात, कर्जत आणि खालापूर हे तालुके वसलेले आहेत. उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत भाताची खाचरे पसरलेली दिसतात. गावापासून थोड्या अंतरावर, माळावर किंवा टेकडीच्या उतारावर, लहान लहान घरांची एखादी वाडी असते. अशा कित्येक वाड्या कातकऱ्यांच्या आहेत. गावातून वाडीवर चालत जाण्यास फारसा वेळ लागत नाही. परंतु मनांतील अंतर पुष्कळ पिढ्यांचे आहे.

गावातील मूल हे अंतर कोठे शिकते? बहुधा आपल्याच अंगणात. भात वाळत घातलेले असते. वाटेने एक कातकरी बाई डोक्यावर मोळी घेऊन जाते, आणि वडील सहज म्हणतात, "लक्ष ठेव रे." एवढेच. मूल ते तीन शब्द ऐकते, वडिलांच्या मुद्रेकडे पाहते, आणि ती जात चोरांची अशी त्याच्या मनाची खूणगाठ बसते. वडिलांनीच त्याला पोहणे शिकविले, विळा कसा धरावा हे दाखविले. ते सर्व खरे ठरले. मग हेच तेवढे खोटे कसे असेल? पुढे घरातून एखादी वस्तू नाहीशी झाली, की चौकशी बाजूस राहते आणि पावले वाडीकडे वळतात. संशयाचे द्वेषात आणि द्वेषाचे मारहाणीत रूपांतर होण्यास मग उशीर लागत नाही.

वडिलांना हे मत त्यांच्या वडिलांकडून मिळालेले असते. पण त्याचा उगम कोठे आहे?

'कातकरी' हे नाव कातावरून पडले. खैराच्या लाकडाचे बारीक तुकडे करावयाचे, ते पाण्यात उकळावयाचे, तो अर्क आटवून कात काढावयाचा, आणि तो देऊन धान्य घ्यावयाचे, असा या लोकांचा व्यवसाय होता. विडा रंगतो तो याच काताने. इंग्रज सरकारने १८७८ साली जंगलाचा कायदा केला. जंगले राखीव झाली, खैर तोडणे हा अपराध ठरला. काल जो धंदा होता तीच आज चोरी झाली! हातचा व्यवसाय गेल्यावर कातकरी कोळसा पाडू लागले आणि दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरी करू लागले.

याच सुमारास आणखी एक कायदा झाला होता. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यामागील तर्क मोठा विचित्र होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो. तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार, असे तो कायदा करणाऱ्यांनी मानले. या कायद्याखाली येणाऱ्या जमातींच्या लोकांची नावे नोंदविली जात. त्यांना हजेरी द्यावी लागे. परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. अपराध कोणताही केलेला नसो, जन्म हाच पुरावा! कातकऱ्यांची गणना अशा जमातींत केली गेली. गुन्हेगारी बापाकडून मुलाकडे जाते, असे सरकार म्हणत होते. प्रत्यक्षात बापाकडून मुलाकडे जात होता तो संशय, आणि तोही गावातल्या घरांत.

मुंबई राज्यात १९४९ साली आणि सर्व देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कायदा रद्द करण्यास एक ठराव पुरतो. अंगणातील ते तीन शब्द कोणत्या ठरावाने रद्द व्हावेत?

याच जिल्ह्यात उरण तालुक्यात चिरनेर हे गाव आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील आक्कादेवीच्या डोंगरावर गावोगावचे लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यातील हुतात्म्यांमध्ये पाटील, कोळी, म्हात्रे अशी नावे आहेत, आणि नाग्या महादू कातकरी हेही नाव आहे. ज्यांना जन्मतः गुन्हेगार म्हटले गेले, त्यांपैकी एकाने सर्वांच्या जंगलासाठी प्राण दिले. हे नाव वाचणाऱ्या मुलाच्या मनात घरी ऐकलेले शब्द आणि हे नाव यांची गाठ पडल्यावाचून राहत नाही.

तथापि खरी अडचण पुढेच आहे. वडिलांचे मत चुकीचे म्हणावे, तर वडिलांवरील प्रेमास बाध येतो असे मुलास वाटते. पुष्कळजण येथेच थांबतात. वास्तविक वडिलांना पोहणे येत होते ते अनुभवाने; कातकऱ्यांविषयीचे मत मात्र केवळ ऐकीव होते. "बाबा, तुम्ही कोणाला चोरताना स्वतः पाहिले आहे का?" असे मुलाने नम्रपणे विचारले, तर वडील बराच वेळ आठवतात. मग बहुधा उत्तर येते, "आमचे बाबा म्हणत असत." त्या उत्तराने वडील लहान होत नाहीत. तेही कधी काळी अंगणात बसून ऐकणारे मूल होते, एवढेच त्यातून कळते.

दिवाळीनंतर पुष्कळ कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मग लावणी सुरू होते, आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवावयाचे त्यांनाच शेतकरी आग्रहाने बोलावून आणतो. सर्वांचे हात चिखलात बुडालेले असतात. मुलगा रोपांच्या जुड्या पुरवीत असतो. दुपारी बांधावर भाकरी सोडली जाते. तेव्हा पाण्याचा तांब्या प्रथम कोणापुढे करावा, हे वडिलांनी काही बोलण्यापूर्वीच त्या मुलास ठरविता येते.