तीन आठवडे नुसतं पाणी, मग बेट!

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. निळंशार पाणी, शिडाची पांढरी बोट, डेकवर पाय पसरून बसलेली एक मुलगी आणि खाली कॅप्शन, ‘नोकरी सोडली!’ सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास हेच रील समोर येतं. मी जर्नल बाजूला टाकून तिचा रूट शोधत बसले.

या रूटला यॉटवाले ‘कोकोनट मिल्क रन’ म्हणतात. पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरायचं, मग गॅलापागोस, फ्रेंच पॉलिनेशिया, टोंगा, फिजी. व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, त्यामुळे वारा बहुतेक पाठीशीच. नाव कसं गोडगोड आहे ना? पण गॅलापागोस ते मार्केसास बेटं हा एकच टप्पा साधारण ३,००० सागरी मैलांचा. बोटीचा वेग ताशी ५-६ सागरी मैल, म्हणजे रमतगमत सायकल चालवावी तेवढा. करा हिशोब. तीन आठवडे! मध्ये एकही बेट नाही, दुकान नाही, डॉक्टर नाही.

आणि रीलमधली ती झोप? विसरा. रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या असतात. सुकाणू ऑटोपायलट धरतो, पण समोरून मोठं जहाज येतंय का हे कुणीतरी जागं राहून बघावंच लागतं. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, गोडं पाणी जपून वापरायचं. पहिले दोन-तीन दिवस तर बोट लागण्यातच जातात. (मी गेटवे ते मांडवा एवढ्यातच पिशवी मागितली होती, त्यामुळे जास्त बोलत नाही.)

खरी परीक्षा पुढे, तुआमोतूमध्ये. ही प्रवाळांची कंकणाकृती बेटं इतकी सपाट, की जवळ जाईपर्यंत दिसतात ती फक्त माडांची टोकं. जुने दर्यावर्दी यांना ‘धोकादायक द्वीपसमूह’ म्हणायचे. आतल्या शांत पाण्यात शिरायला प्रवाळातली एखादी अरुंद फट असते आणि भरती-ओहोटीला तिथून पाणी नदीसारखं धावतं. म्हणून प्रवाह थांबायची वाट बघायची आणि सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच आत शिरायचं. तेव्हाच पाण्याचा रंग वाचता येतो. गडद निळं म्हणजे खोल, तपकिरी म्हणजे खाली प्रवाळ. सूर्य समोर असला की नुसती चकाकी दिसते, आणि तळाला भोक पडल्यावरच कळतं.

शिवाय नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम. त्याआधी बरेच जण न्यूझीलंड गाठतात. ‘मनात येईल तिथे राहू’ हे कॅप्शनपुरतंच.

‘पण यॉट कुणाकडे आहे?’ बरोबर. मात्र लांबच्या टप्प्यांसाठी अनेक मालकांना जास्तीचे हात हवे असतात. जेवणाखाणाचा वाटा उचलून अनेक तरुण असे क्रू म्हणून जातात. इथे मात्र डोकं ठिकाणावर ठेवा, मुलींनी तर नक्कीच. समुद्रात मध्येच उतरता येत नाही आणि बोटीवर कप्तानाचा शब्द शेवटचा. आधीच्या क्रूशी बोला. लाइफराफ्ट, लाइफजॅकेट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एक दिवस किनाऱ्याजवळ फिरून या. कप्तान उडवाउडवीची उत्तरं देत असेल तर बॅग उचला, सरळ निघा. आपल्या पासपोर्टवर फ्रेंच पॉलिनेशियाचा व्हिसा आधी काढावा लागतो. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, आणि त्यांना हात लावू नका.

फिजीत पोहोचलात की एक रीत पाळायची. गावासमोर नांगर टाकला की आधी गावप्रमुखाकडे कावाच्या मुळ्यांची जुडी घेऊन जायचं. याला ‘सेवुसेवु’ म्हणतात. तिथला किनारा गावाचा असतो, परवानगी मिळाली की मगच पोहायचं. बाजारात तुमची मोडकीतोडकी हिंदीही चालून जाईल. १८७९ पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांची पतवंडं तिथे आजही आपली हिंदी बोलतात.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘आधी एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शीड धरायला शिकायचं होतंस.’ मला उशीर झालाय. तुम्ही एफवायला असाल तर चौकशी करा, तिथे खरंच शिकवतात.